स्टॅटिकचा फटका बसलेला कॉम्प्युटर: बिघाड नेमका कुठे ते कसं शोधायचं

'स्टॅटिकने (म्हणजे अंगावर साठलेल्या स्थिर विजेने) गेला' हे निदान करायला सगळ्यात सोपं, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त चुकणारं. ठिणगी पडली, मशीन बंद पडलं, म्हणजे मदरबोर्ड जळाला असं धरून लोक नवा बोर्ड आणतात. पुष्कळदा त्या मशीनची वीज पूर्ण तोडून दहा मिनिटं तसंच ठेवलं असतं तरी काम झालं असतं. उलटंही होतं: ठिणगी कुणाला जाणवलीच नाही, मशीन नीट सुरू झालं आणि महिन्याभराने कारण नसताना अडकायला लागलं. म्हणून तपासणी ठरलेल्या क्रमाने करायची आणि स्टॅटिकवर ठपका ठेवायचा तो बाकीचं सगळं तपासून झाल्यावर.

आधी घडलं काय ते ठरवा

ठिणगी कुठे पडली, यावर पुढचं बरंचसं अवलंबून आहे. बंद कॅबिनेटच्या पत्र्यावर किंवा यूएसबी पोर्टच्या धातूच्या कडेवर पडली असेल तर काळजी कमी. अशा झटक्यासाठी आयईसी ६१०००-४-२ या मानकाची चाचणी असते आणि घरी-ऑफिसात वापरायच्या कॉम्प्युटरसाठी थेट स्पर्शाने ४ हजार व्होल्ट, हवेतून ८ हजार व्होल्ट ही नेहमीची पातळी आहे. पत्र्यावर पडलेली ठिणगी पत्र्यातूनच अर्थिंगकडे जाते. मशीन हँग होईल, रीस्टार्ट होईल, एखादं पोर्ट बंद पडेल, पण कायमचं नुकसान सहसा होत नाही.

उघड्या बोर्डाला हे संरक्षण नाही. रॅमच्या सोनेरी पट्ट्या, प्रोसेसरच्या पिना किंवा सॉकेट, एम.२ एसएसडीची कड, पॉवर बटणाच्या तारा जिथे लागतात त्या पिना, यांतल्या कशाला हात लागताना ठिणगी पडली असेल तर तो भाग संशयितांच्या यादीत वर घ्या.

माणसाला झटका जाणवायला साधारण ३ हजार व्होल्ट लागतात. चिपच्या आतले काही भाग १०० व्होल्टच्या आतच बिघडू शकतात. म्हणजे 'मला काही जाणवलं नाही' याला पुरावा म्हणून किंमत नाही. यामागचा हिशोब बघण्यासारखा आहे. चाचणीत माणसाचं शरीर १०० पिकोफॅराड कपॅसिटर आणि दीड हजार ओहम रेझिस्टन्स असं धरतात. ३ हजार व्होल्टला त्यात साठलेली ऊर्जा अर्ध्या मिलिज्यूलच्याही आत, पण पहिल्या क्षणी प्रवाह २ अँपिअर आणि सगळा खेळ काही शे नॅनोसेकंदांत आटोपतो. ट्रान्झिस्टरच्या गेटखालचा ऑक्साइडचा थर काही नॅनोमीटर जाडीचा आणि दर नॅनोमीटरला साधारण एक व्होल्ट एवढाच ताण सोसणारा. चिपच्या प्रत्येक पिनेला आतून संरक्षक डायोड असतात म्हणून बहुतेक झटके निभावतात. सगळे नाही.

यातून निघणारी कामाची गोष्ट: स्टॅटिकचं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. बोर्डावर काळा डाग, फुटलेली चिप किंवा जळका वास असेल तर नुसत्या स्टॅटिकने तो झालेला नाही. तेवढी उष्णता पॉवर सप्लायमधून येणाऱ्या प्रवाहाचीच. तो भाग आधी स्टॅटिकने शॉर्ट झालेला असू शकतो, पण विजेचा लोंढा, उलटी लावलेली केबल, खाली अडकलेला स्क्रू ही कारणं आधी तपासा.

आणि एक गल्लत हमखास होते. कॅबिनेटला हात लावला की एकदा 'चट्' होऊन थांबतं ते स्टॅटिक. हात ठेवल्यावर मुंग्यांसारखं झिणझिणत राहतं ते स्टॅटिक नव्हे, ते अर्थिंग नसल्याचं लक्षण. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधले कपॅसिटर लाइन आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थची तार तुटली की पत्रा पुरवठ्याच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगतो. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून पत्रा आणि भरवशाची अर्थ यांच्यामध्ये मोजा. नीट अर्थिंगला हा आकडा शून्याच्या आसपास असतो. तो बराच जास्त आला तर आधी वायरिंग दुरुस्त करून घ्या. तोवर आतल्या कशालाही हात लावू नका.

वीज पूर्ण तोडणे

हा उपाय इतका साधा आहे की लोक तो अर्धवट करतात. चिपला झटका बसला की कधीकधी आतला एक नको असलेला मार्ग सुरू होतो आणि वीज मिळते आहे तोवर सुरूच राहतो. याला लॅच-अप म्हणतात. चिप गेलेली नसते, अडकलेली असते. वीज पूर्ण गेली की ती सुटते. रीस्टार्टने किंवा समोरच्या बटणाने बंद करून हे होत नाही, कारण प्लग लागलेला असेपर्यंत ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा बोर्डावर चालूच असतो.

म्हणून: मागचा स्विच बंद करा, पॉवर केबल काढा, आणि मॉनिटर, लॅन, यूएसबी, हेडफोन सगळं उपसून काढा. वीज असलेला मॉनिटर किंवा यूएसबी हब उलट दिशेने थोडा पुरवठा देत राहतो, म्हणून तेही काढायचं. मग पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा आणि दहा मिनिटं थांबा. लॅपटॉपचा अडॅप्टर काढा. बॅटरी निघत असेल तर काढा, नसेल तर बटण मिनिटभर दाबून धरा. काही मॉडेलच्या तळाशी बारीक भोक असतं, त्यात पिन दाबली की आतली बॅटरी तुटते. असं भोक आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा, कारण शेजारचं भोक मायक्रोफोनचं असू शकतं आणि त्यात पिन घातली की तो कामातून जातो.

एवढ्याने सुरू झालं तर फक्त मॉनिटर आणि कीबोर्ड लावून बघा, मग एकेक केबल लावा. एखादी केबल लावल्यावर पुन्हा बंद पडलं तर बिघाड त्या पोर्टच्या किंवा त्या उपकरणाच्या बाजूला आहे.

सुरू नाही झालं तर बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या मूळ प्रोग्रामच्या, सेटिंग पुसायच्या. त्याआधी एक गोष्ट बघून ठेवा: विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर बायोस पुसल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती कुठे लिहून ठेवली आहे ते आधी शोधा. मग प्लग काढलेल्या अवस्थेत बोर्डावरच्या क्लिअर सीमॉसच्या दोन पिना १० सेकंद स्क्रूड्रायव्हरने जोडा, किंवा बोर्डावरचा गोल चपटा सीआर२०३२ सेल काढून काही मिनिटं थांबा. सेल हातात आहेच तर मोजून टाका. नवा ३ व्होल्टच्या थोडा वर असतो, २.७ च्या खाली असेल तर बदला.

उघडण्यापूर्वी

तपासणी करतानाच दुसरा फटका देणं हा या कामातला सगळ्यात हास्यास्पद आणि सगळ्यात नेहमीचा प्रकार. अर्थला जोडायचंच यावर लोकांचा फार भर असतो, पण खरा मुद्दा वेगळा आहे. तुमचं शरीर, कॅबिनेट आणि हातातला भाग हे तिन्ही एकाच व्होल्टेजवर असायला हवेत. मनगटाचा पट्टा कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला लावला की हे साधतं, प्लग काढलेला असला तरी. प्लग काढूनच ठेवा. अर्थसाठी प्लग लावून मागचा स्विच बंद ठेवायचा असं काही जण सांगतात, पण त्या स्विचवर आणि सॉकेटच्या वायरिंगवर आंधळा विश्वास ठेवावा लागतो आणि चुकून स्विच दाबला गेला की बोर्डावर स्टँडबाय पुरवठा येतो. त्या जोखमीला काही अर्थ नाही.

पट्टा वापरण्यापूर्वी मोजा. मनगटाला टेकणारी चकती आणि क्लिप यांच्यामध्ये साधारण १ मेगाओहम यायला हवा. हा रेझिस्टर तुमच्यासाठी आहे: चुकून कुठे मेनचा स्पर्श झाला तर तुमच्यातून जाणारा प्रवाह मिलिअँपिअरच्या आत राहतो. मीटरवर काहीच आलं नाही तर तार आतून तुटली आहे आणि पट्टा नुसता दागिना आहे. पट्टाच नसेल तर प्रत्येक भाग उचलण्याआधी पत्र्याला हात लावायचा. एकदाच नव्हे, खुर्चीवर हललात, दोन पावलं चाललात की पुन्हा.

प्लॅस्टिकच्या पिशव्या, थर्मोकोल, बबल रॅप आणि चिकटपट्टी ३० सेंटिमीटर तरी लांब ठेवा. त्यांच्यावर साठलेला चार्ज जमिनीत जात नाही, आणि स्पर्श न होताही जवळच्या भागावर परिणाम करतो. चंदेरी शिल्डिंग पिशवी चांगली, पण भाग आत असून तोंड बंद असेल तेव्हाच. पिशवीवर बोर्ड ठेवून वीज द्यायची नाही. तिच्यात धातूचा थर असतो. बोर्ड चालवून बघायचा तर तो ज्या खोक्यात आला त्या पुठ्ठ्यावर ठेवा. हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्के असेल तर उत्तम. ३० च्या खाली गेली की चालण्या-उठण्यातून तयार होणारा चार्ज कित्येक पट वाढतो.

आता खोडरबर. रॅमच्या पट्ट्या खोडरबरने घासायची सवय दुरुस्तीच्या प्रत्येक टेबलावर आहे, आणि त्याने मशीन सुरू होतं हेही खरं, कारण संपर्क साफ होतो. पण रबर घासल्याने चार्ज तयार होतो, सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये जातो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड घेतलं तर तेच काम बिनधोक होतं. व्हॅक्यूम क्लीनरचं प्लॅस्टिकचं तोंडही आत नको.

अजिबात काहीच होत नसेल

पंखा नाही, दिवा नाही. अशा वेळी सुरुवात पॉवर सप्लायपासून. हे मोजण्यापुरता प्लग लावून मागचा स्विच चालू करा. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर, काळा प्रोब कॅबिनेटच्या पत्र्यावर, २४ पिनांची केबल बोर्डाला लावलेलीच ठेवून लाल प्रोब केबलच्या मागच्या बाजूने घालायचा.

जांभळी तार, पिन ९: मशीन बंद असतानाही ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. शून्य असेल तर सप्लाय गेला आहे किंवा बोर्डावर स्टँडबायची लाइन शॉर्ट आहे. केबल बोर्डापासून काढून पुन्हा मोजा. आता ५ आले तर दोष बोर्डाचा.

हिरवी तार, पिन १६: बंद अवस्थेत इथे काही व्होल्ट असतात, बटण दाबल्यावर जवळपास शून्यावर यायला हवेत. येत नसतील तर आधी बोर्डाला दोष देऊ नका. बटणाच्या तारा काढून त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. त्याने सुरू झालं तर बिघाड कॅबिनेटच्या बटणात आहे, आणि तो फुकटात सुटतो. तरीही हिरवी तार खाली येत नसेल तर बोर्डाचं स्टँडबाय सर्किट किंवा चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप) संशयित. इथे स्टॅटिकचा संशय खराखुरा बळावतो, कारण या पिना थेट चिपकडे जातात.

हिरवी खाली येते, पंखा अर्धा सेकंद हलतो आणि सगळं बंद होतं? सप्लायचं शॉर्ट सर्किट संरक्षण काम करतं आहे. ग्राफिक्स कार्ड, डिस्क, समोरच्या यूएसबीची केबल, प्रोसेसरजवळची ८ पिनांची केबल असं एकेक काढत जा, दर वेळी प्लग काढून. समोरच्या यूएसबीची केबल लोक विसरतात, आणि स्टॅटिक सगळ्यात जास्त वेळा शिरतं तेही तिथूनच. ८ पिनांची केबल काढल्यावर पंखे फिरत राहिले तर प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागात शॉर्ट आहे.

मशीन चालू राहत असेल तर बाकीच्या लाइन बघा: पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, केशरी ३.१४ ते ३.४७. करड्या तारेवर, पिन ८ वर, सुरू झाल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आत ५ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. हा 'सगळं ठीक' असा निरोप आला नाही तर बोर्ड प्रोसेसरला सोडतच नाही. नव्या सप्लायच्या तारा सगळ्याच काळ्या असतात, त्यामुळे रंगांवर न जाता पिन नंबर बघा. आणि कंपनीने जोडून विकलेल्या काही डेस्कटॉपमध्ये कनेक्टरच वेगळा असतो. तिथे हे रंग आणि नंबर दोन्ही लागू पडत नाहीत.

सप्लायचा डबा उघडायचा नाही. आतल्या मुख्य कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतं.

ओहमने मोजणाऱ्यांसाठी एक सापळा सांगून ठेवतो. प्रोसेसरशेजारच्या कॉइलवर ग्राउंडशी मोजलं की १ ओहमच्याही खाली आकडा येऊ शकतो आणि मीटर शॉर्ट असल्यासारखं ओरडतं. प्रोसेसर लावलेला असताना हे बऱ्याचदा स्वाभाविकच असतं, नव्या ग्राफिक्स कार्डांचंही तसंच. त्यावरून बोर्ड मोडीत काढू नका. १२ आणि ५ व्होल्टच्या लाइनवर मात्र एक-दोन ओहम आले तर तो शॉर्टच समजा.

पंखे फिरतात, स्क्रीन काळी

आधी मॉनिटरची केबल दुसऱ्या पोर्टला लावा. एचडीएमआय पोर्ट स्टॅटिकला लवकर बळी पडतं: केबल चालू मशीनला लावली-काढली जाते आणि लांब केबलवरही चार्ज साठतो. ग्राफिक्स कार्ड ठणठणीत असतं, फक्त ते एक पोर्ट 'नो सिग्नल' दाखवतं. डिस्प्लेपोर्ट किंवा दुसरं एचडीएमआय वापरलं की विषय संपतो. मॉनिटरचं पोर्टही तितकंच संशयित, म्हणून दोन्ही टोकं बदलून बघा.

त्याने भागलं नाही तर मशीन किमान भागांवर आणा: बोर्ड, प्रोसेसर, त्यावरचा पंखा, एक रॅम, सप्लाय. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्डही काढा. डिस्क, समोरचं ऑडिओ, यूएसबी, सगळं सुटं. चार स्लॉटच्या बोर्डावर एकटी रॅम बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावायची असते. मॅन्युअलमध्ये खात्री करा. रॅम डीडीआर५ प्रकारची असेल आणि बायोस नुकताच पुसला असेल तर पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटं काळी स्क्रीन राहू शकते. तेवढ्यात घाबरून बटण दाबलं की रॅमची जुळवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पाच-दहा मिनिटं हात बांधून बसा.

बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशा चार छोट्या लाइट असतील तर कोणती लागून राहते ते बघा. लाइट नसतील तर बोर्डाला छोटा स्पीकर लावा. बीपचा अर्थ बायोसप्रमाणे बदलतो, तो मॅन्युअलमधूनच घ्यायचा. आता रॅम पूर्ण काढून मशीन सुरू करा. बोर्डाने रॅम नसल्याची तक्रार केली, बीपने किंवा लाइटने, तर प्रोसेसर जिवंत आहे, बायोसची चिप वाचली जाते आहे आणि मुख्य व्होल्टेज ठीक आहेत. एवढ्या एका चाचणीने निम्मे संशयित सुटतात. तक्रारच आली नाही तर बोर्ड, प्रोसेसर आणि बायोसची चिप हे तिघं उरतात. मागे फ्लॅशबॅकचं बटण असेल तर एफएटी३२ केलेल्या पेन ड्राइव्हवरून, कंपनीने सांगितलेल्या नावाची फाइल ठेवून बायोस नव्याने लिहा. अनेक बोर्डांवर हे प्रोसेसरशिवायही चालतं.

उरलेल्या दोघांचा निकाल बदलून बघितल्याशिवाय लागत नाही, आणि बदलण्याच्या दिशेला महत्त्व आहे. संशयित रॅम चांगल्या मशीनमध्ये लावणं बऱ्यापैकी सुरक्षित. संशयित प्रोसेसर चांगल्या बोर्डावर लावणंही सहसा चालतं. चांगला प्रोसेसर संशयित बोर्डावर मात्र लावू नका, निदान सॉकेटच्या पिना भिंगाने तपासून आणि वीजपुरवठ्याचा भाग मोजून झाल्याशिवाय. तिथला वरचा मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट असेल तर १२ व्होल्ट सरळ प्रोसेसरवर येतात आणि एका मेलेल्या भागाचे दोन होतात. संशयित सप्लायही चांगल्या मशीनला लावायचा नाही. चांगला सप्लाय संशयित मशीनला लावा. एका वेळी एकच भाग बदला आणि लिहून ठेवा, नाहीतर चौथ्या अदलाबदलीनंतर कोणती रॅम कुठली ते कळेनासं होतं.

सुरू होतं, पण भरवसा नाही

हा प्रकार सगळ्यात छळणारा. झटक्याने ऑक्साइडला बारीकशी इजा झालेली असते, भाग चालतो, पण गळती वाढलेली असते आणि उष्णता, वेळ, वापर यांबरोबर तो घसरत जातो. मशीन हातात घेतल्या घेतल्या पहिली गोष्ट म्हणजे डेटाची प्रत दुसऱ्या डिस्कवर. तपासणी नंतर.

रॅमपासून सुरुवात करा. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो ही रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग बंद करा, म्हणजे जास्त वेगामुळे येणाऱ्या चुका गाळल्या जातील. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा, निदान चार पूर्ण फेऱ्या, म्हणजे बहुधा रात्रभर. एकही चूक मान्य करायची नाही. चूक आली तर रॅम एकेक करून तपासा. चूक पुन्हापुन्हा त्याच पत्त्यावर, त्याच बिटवर येत असेल आणि स्लॉट बदलल्यावर रॅमबरोबर जात असेल तर रॅम दोषी. स्लॉटलाच चिकटून राहत असेल तर बोर्ड किंवा प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर. त्याआधी स्लॉट साफ करून आणि प्रोसेसर एकदा काढून नीट बसवून बघा, कारण अर्धवट टेकलेली पिनही हेच सोंग आणते.

रॅम स्वच्छ निघाली तर नोंदी वाचा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगर नावाच्या नोंदी म्हणजे हार्डवेअरने स्वतः केलेली तक्रार. कोणत्या घटकाकडून आली ते तिथेच लिहिलेलं असतं. कर्नल-पॉवर ४१ फक्त 'मशीन नीट बंद झालं नव्हतं' एवढंच सांगते, तिच्यावरून निदान करू नका. लिनक्सवर अशा नोंदी डीमेसग या कमांडने बघा. साटा डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी 'स्मार्ट' माहिती ठेवते तिच्यात १९९ क्रमांकाचा, म्हणजे केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुकांचा, आकडा वाढत असेल तर आधी केबल बदला.

लॅनचं पोर्ट जखमी असेल तर त्याची खूण ठरलेली: पूर्वी १००० मेगाबिटवर जोडलं जायचं ते आता १०० वर अडकतं. हजारासाठी तारांच्या चारही जोड्या लागतात, शंभरासाठी दोनच पुरतात. केबल आणि राउटरचं पोर्ट बदलूनही १०० च राहिलं तर कॉम्प्युटरच्या बाजूची एखादी जोडी गेली आहे.

यूएसबीचं थोडं सविस्तर बघू. डेटाच्या दोन्ही तारांवर झटका गिळणारे छोटे टीव्हीएस डायोड असतात. मोठा झटका आला की ते स्वतः शॉर्ट होऊन चिपला वाचवतात, पण मग ते पोर्ट मरतं. सुरू होतानाच 'यूएसबी ओव्हर करंट' असा संदेश देऊन मशीन १५ सेकंदांनी बंद होत असेल तर ५ व्होल्टची लाइन कुठेतरी दबली आहे. समोरची केबल काढून बघा, पोर्टात वाकलेली पट्टी आहे का तेही टॉर्च मारून बघा. डेटाच्या तारांसाठी मीटर डायोड मोडवर ठेवा, प्लग काढलेला. लाल प्रोब पोर्टच्या धातूच्या कडेवर, काळा दुसऱ्या आणि मग तिसऱ्या पट्टीवर. चांगल्या पोर्टमध्ये दोन्हींचे आकडे जवळपास सारखे येतात, साधारण ०.४ ते ०.७. एक ०.५ आणि दुसरा ०.०० असेल तर तो डायोड किंवा त्यामागची चिप शॉर्ट आहे. आकड्यापेक्षा शेजारच्या चांगल्या पोर्टशी तुलना जास्त बोलकी.

दुरुस्ती कशाची, बदल कशाचा

रॅम, एसएसडी आणि प्रोसेसर दुरुस्त होत नाहीत, बदलायचे. पोर्टचं नुकसान वळसा घालून निभावतं: पीसीआय-एक्सप्रेसचं यूएसबी किंवा लॅन कार्ड लावा आणि मेलेला कंट्रोलर बायोसमधून बंद करा. गेलेलं ऑडिओ यूएसबी साउंड कार्डाने भागतं. शॉर्ट झालेला टीव्हीएस डायोड चिप-लेव्हल काम करणारा माणूस पाच मिनिटांत काढू शकतो. नुसता काढला तरी पोर्ट चालतं, पण पुढच्या झटक्याला चिप उघडी पडते, म्हणून नवा लावायलाच सांगा. चिपसेट गेला असेल तर बोर्ड बदला. जुन्या बोर्डावर नवा चिपसेट बसवणं क्वचितच परवडतं.

बोर्ड बदलल्यावर बिटलॉकर पुन्हा ती ४८ अंकी की मागणार हे लक्षात ठेवा. लॅपटॉपची एसएसडी बोर्डावरच सोल्डर केलेली असेल तर बोर्ड टाकण्याआधी डेटाचा विचार करा, कारण बोर्डाबरोबर तोही जातो.

बदलून झाल्यावर मशीन लगेच बंद करून परत देऊ नका. मेमटेस्टच्या फेऱ्या, तासभर प्रोसेसर आणि ग्राफिक्सवर पूर्ण भार, प्रत्येक पोर्टमध्ये पेन ड्राइव्ह लावून मोठी फाइल इकडून तिकडे, एवढं करा. एका झटक्यात दोन भाग जखमी झालेले असू शकतात आणि दुसरा पहिल्याच्या गोंधळात लपतो.

झटके वारंवार बसत असतील तर मूळही शोधावं लागेल. समोरच्या पोर्टची पट्टी कॅबिनेटला स्क्रूने घट्ट बसली आहे का, बोर्डाच्या मागची चकाकती पट्टी पोर्टांच्या कडांना टेकते आहे का, हे बघा. तिथे फट असली की ठिणगी पत्र्याऐवजी बोर्डातून वाट काढते. खुर्चीवरून उठलं की मॉनिटर दोन-तीन सेकंद काळा होऊन परत येतो, हीही तक्रार असते. गॅस सिलिंडरच्या खुर्च्यांमध्ये उठता-बसताना आत ठिणगी पडते आणि तिच्या लहरी मॉनिटरची केबल पकडते. नुकसान काही नसतं. केबल चांगल्या शिल्डची आणि आखूड घ्या, दोन्ही टोकांना फेराइटचे मणी लावा, आणि ती खुर्चीपासून लांबून न्या.